‘बार्टन हॉलो’ : दोन आवाज एकाच वेळी गातात तेव्हा मूळ चाल कोणाची?

सांजवेळ (नाशिक) – प्रश्न

सर्वांना नमस्कार.

‘द सिव्हिल वॉर्स’ या अमेरिकन जोडीचा ‘बार्टन हॉलो’ हा २०११ साली आलेला अल्बम मी गेले दोन महिने जवळजवळ रोज रात्री, घरात निजानीज झाली की ऐकते आहे. जॉय विल्यम्स आणि जॉन पॉल व्हाइट हे दोघे गातात. बहुतेक गाण्यांत त्याची गिटार किंवा पियानो आणि त्याभोवती अगदी मोजकी वाद्ये, एवढाच पसारा आहे. आवाज इतके हलके लावलेले आहेत की पहिल्यांदा ऐकताना मी रस्त्याकडची खिडकी उठून बंद केली होती.

माझ्यासारख्या भावगीतांवर वाढलेल्या माणसाला यात एक गोष्ट अगदी नवी वाटली आणि तीच मला विचारायची आहे. आपल्याकडचे ‘शुक्रतारा मंद वारा’ घेतले, तर त्यात अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज मुख्यतः आळीपाळीने येतात. एकाचे बोलणे झाले की दुसऱ्याचे सुरू होते, आणि चाल या क्षणी कोणाच्या हाती आहे याविषयी ऐकणाऱ्याला कधी शंका पडत नाही. या अल्बममध्ये मात्र दोघे पुष्कळ वेळा एकाच वेळी, एकाच शब्दावर, पण वेगवेगळ्या सुरांवर असतात. ‘पॉयझन अँड वाइन’मध्ये सुरुवातीला एक ओळ तो म्हणतो, एक ती म्हणते, आणि मग दोघे एकत्र येऊन तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. एका रात्री मी ठरवून फक्त त्याचा आवाज धरून ते गाणे ऐकले, तेव्हा त्याचीच चाल मूळ वाटली. दुसऱ्या रात्री फक्त तिचा आवाज धरला, तर तीही तितकीच पूर्ण वाटली. मग मूळ चाल कोणाची, आणि साथ कोणाची?

माझा धाकटा भाऊ गिटार वाजवतो. दिवाळीत तो पुण्याहून घरी आला, तेव्हा आम्ही दोघांनी ‘टू हूम इट मे कन्सर्न’ हे गाणे बसवायला घेतले. अजून भेटही न झालेल्या माणसाला लिहिलेल्या पत्रासारखे ते गाणे आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसलो होतो आणि आई शेजारी मेथी निवडत होती. मी वरचा सूर घ्यायचा आणि भावाने खालचा, असे ठरले. पहिली ओळ नीट जाई, दुसरीही बरीचशी जाई आणि तिच्या शेवटच्या अक्षरावर मी नकळत भावाच्या सुरावर जाऊन बसत असे. दहा-बारा वेळा असेच झाले. शेवटी आई म्हणाली, “तू त्याचं ऐकत बसतेस म्हणून घसरतेस.” भाऊ म्हणाला, “उलट ताई ऐकतच नाही म्हणून घसरते.” या वादात मला जाणकारांची मदत हवी आहे.

आणखी एक शंका आहे. हे दोघे पतिपत्नी किंवा प्रियकर-प्रेयसी कधीच नव्हते, दोघांचे संसार वेगळे होते, आणि पुढे त्यांचे एकमेकांशी बिनसून जोडी मोडली, असे वाचले. ते वाचल्यापासून ही गाणी ऐकताना मन थोडे अडखळते. तुम्हा कोणाला असे होते का?


मंद्र (डोंबिवली)

ताई, तुमचा प्रश्न फार नेमका आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी सुगम संगीत शिकवतो आणि पेटीची साथ करतो, त्यामुळे स्त्री आणि पुरुष एकत्र गाणार म्हटले की माझे पहिले काम पट्टी, म्हणजे षड्ज पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा ते, ठरवणे हे असते.

आपल्याकडे पुरुष साधारणपणे सफेद एक ते काळी दोन या पट्ट्यांत गातात आणि स्त्रिया काळी तीन ते काळी पाच या पट्ट्यांत. एकच चाल दोघांनी एकाच पट्टीत गायची म्हटली की दोघांपैकी एकाची ओढाताण ठरलेली असते. काळी एकमध्ये बांधली तर बाईचा आवाज मंद्रात दबतो आणि काळी चारमध्ये बांधली तर पुरुषाला तार सप्तकात ओरडावे लागते. आपल्या संगीतकारांनी यावर उत्तम तोडगे काढले. पट्टी मधली कुठली तरी धरायची, मुखडा एकाच्या सोयीचा आणि अंतरा दुसऱ्याच्या सोयीचा बांधायचा, आणि दोघांना एकत्र आणायचे ते थोड्याच वेळासाठी. आळीपाळीने गाण्यात संवादाचे सौंदर्य आहेच, पण त्यामागे गळ्यांची ही व्यावहारिक अडचणही आहे.

‘बार्टन हॉलो’मध्ये ही अडचणच उपयोगी पडते. दोघांनी एकच स्वर गायचा नसल्यामुळे एका पट्टीत राहूनही प्रत्येकाला आपल्या गळ्याला मानवणारी जागा मिळते. समजा, ओळीच्या शेवटी तुम्ही पंचम, मध्यम, गंधार असे उतरत आहात; त्याच वेळी तुमच्या भावाने गंधार, ऋषभ, षड्ज असे उतरायचे. दोन्ही ओळी स्वतंत्रपणे गाऊन पाहा. तुमची ओळ चाल म्हणून पूर्ण आहे आणि भावाचीही पूर्ण आहे. ‘पॉयझन अँड वाइन’ दोन रात्री दोन तऱ्हांनी ऐकताना तुम्हाला जे जाणवले ते यामुळेच. संगीतरचनेच्या वहीत एका ओळीला मूळ आणि दुसरीला हार्मनी, म्हणजे साथीची ओळ, म्हटलेले असू शकेल. पण दोघे जर सारख्याच वजनाने गात असतील, तर कानाने तो भेद मानण्याचे कारण नाही, आणि या अल्बममध्ये दोघे वजन फार काळजीने वाटून घेतात. तिने शब्दावर जोर दिला की तो किंचित मागे सरतो, त्याचा आवाज भरून आला की ती श्वासावर येते. अल्बमचा शांतपणा मला या देवाणघेवाणीत दिसतो. आवाजाची पातळी कमी ठेवून तो आलेला नाही. काही गाण्यांत दोघे चांगले मोकळ्या गळ्याने गातात आणि तरी शांतपणा जात नाही.

आता तुमच्या घसरण्याविषयी. तुम्ही दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावरच का घसरता, याचे उत्तर वरच्या उदाहरणात आहे. आपल्या कानाला लहानपणापासून एक सवय आहे, की ओळ संपली म्हणजे षड्जावर यायचे, घरी यायचे. वरचा सूर गाणाऱ्याला मात्र गंधारावर थांबायचे असते, आणि शेजारी भाऊ षड्ज लावून बसलेला असतो. तुमचा कान तुम्हाला घरी ओढतो आणि तुम्ही जाता. यात तुमच्या सुरेलपणाचा काही दोष नाही. ज्याला षड्जाची ओढ वाटत नाही तो बहुधा अशा रीतीने घसरतही नाही.

उपाय सांगतो. पहिले आठ दिवस भावाचे मुळीच ऐकू नका, म्हणजे तुमच्या आई म्हणतात तसे करा. तुमची वरची ओळ हीच या गाण्याची एकमेव चाल आहे असे समजून ती तानपुऱ्यावर आकारात गा, मग शब्दांत गा, काम करताना गुणगुणा, इतकी की कोणी विचारले ‘ते गाणे कसे आहे’ तर तोंडातून तीच यावी. त्यानंतर भावाबरोबर बसा आणि गाणे बाजूला ठेवून फक्त शेवटचा स्वर घ्या. त्याने षड्ज धरायचा, तुम्ही गंधार. पेटी आणि गिटार दोन्ही दूर ठेवा, कारण पेटीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा थोडा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांचा फरक पडतो. खर्जाची तार नीट लागली की तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो तुम्हाला हवा आहे. तुमचा गंधार त्याच्या जवळ जाऊ लागला की दोन आवाजांच्या मध्ये जाणवणारी लहर हळूहळू मंदावते, आणि नेमक्या जागी ती थांबते. ती थांबली हे कळण्यासाठी भावाचे ऐकावेच लागते. म्हणजे भावाचे म्हणणे दुसऱ्या आठवड्यापासून लागू होते.

एक सूचना. हे करताना आवाज अगदी लहान ठेवा. मोठ्या आवाजात माणूस स्वतःलाच जास्त ऐकतो.


रानवारा (अटलांटा)

मंद्र यांच्या प्रतिसादानंतर संगीताच्या बाजूने भर घालण्याजोगे माझ्याकडे फारसे नाही, पण या जोडीचा सुरुवातीचा इतिहास ज्या गावाशी बांधलेला आहे ते माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, म्हणून लिहितो.

जॉय विल्यम्स कॅलिफोर्नियात वाढलेली, आणि ख्रिस्ती भक्तिपर पॉप संगीतात तिचे आधीच नाव झालेले होते. जॉन पॉल व्हाइट अलाबामा-टेनेसीच्या सीमाभागातला, कंट्री संगीताच्या वातावरणात वाढलेला गीतलेखक. २००८ साली नॅशव्हिलमध्ये गीतलेखनाच्या एका सत्रात अनेक गीतकारांच्या जोड्या लावण्यात आल्या, त्यात या दोघांची गाठ पडली. दोघांचे संगीतातले गोत्र अगदी वेगळे होते, तरी पहिल्याच वेळी एकत्र गाताना आवाज जुळून आले, असे त्या दोघांनीही पुढे वेळोवेळी सांगितले आहे.

२००९ साली त्यांनी जॉर्जिया राज्यातल्या डिकेटर गावी ‘एडीज ॲटिक’ या जागी कार्यक्रम केला. जोडी म्हणून तो त्यांचा केवळ दुसरा कार्यक्रम होता, आणि त्याचेच ध्वनिमुद्रण त्यांनी सर्वांना फुकट उतरवून घेण्यासाठी खुले केले. पाठीशी मोठी कंपनी नसताना त्यांचे नाव त्या एका ध्वनिमुद्रणाने दूरवर गेले. त्याच वर्षी ‘पॉयझन अँड वाइन’ हे गाणे ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या दूरचित्रवाणी मालिकेत वाजले आणि ते लाखो घरांत पोहोचले. ‘बार्टन हॉलो’ आला तो १ फेब्रुवारी २०११ रोजी, सेन्सिबिलिटी म्युझिक या लहानशा कंपनीकडून. निर्माता चार्ली पीकॉक. पुढच्या वर्षी या अल्बमला लोकसंगीताच्या विभागातले ग्रॅमी मिळाले, आणि शीर्षकगीताला कंट्री विभागात जोडीच्या गायनाचे.

त्या २००९ च्या मैफलीला मी नव्हतो, परंतु एडीज ॲटिकमध्ये मी इतर गायकांना अनेकदा ऐकले आहे. डिकेटरच्या चौकाजवळ जिना चढून वर गेले की ती खोली लागते. छोटी टेबले, लहान मंच, आणि गाणे चालू असताना बोलायचे नाही हा तिथला शिरस्ता. पहिल्या खेपेला मी मित्राच्या कानाशी काही कुजबुजलो, तर पुढच्या टेबलावरच्या एका आजींनी वळून नुसते पाहिले. मला आपल्याकडच्या घरगुती बैठकींची आठवण झाली. अशा खोलीत गाणाऱ्याला आवाज फेकावा लागत नाही. या जोडीची गायकी अशा श्रोत्यांसमोर रुजली, हे अल्बम ऐकताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मूळ चाल कोणाची या प्रश्नाला या भागातले एक जुने उत्तरही आहे. १८४४ साली जॉर्जियातल्या दोघांनी संपादित केलेला ‘द सेक्रेड हार्प’ नावाचा भजनसंग्रह आहे, त्यातली भजने आजही इथल्या लहान चर्चांमध्ये सामुदायिकपणे गातात. चार आवाजांचे चार गट चौकोन करून एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि मध्ये मोकळी जागा ठेवतात; मुख्य श्रोता असा कोणी नसतोच. मूळ चाल त्यात सर्वांत वरच्या आवाजाकडे नसते, ती टेनर नावाच्या गटाकडे असते, आणि तो भाग पुरुष व स्त्रिया दोघेही आपापल्या सप्तकात गातात. बाकीचे भागही असे रचलेले असतात की गाणाऱ्याला आपली ओळ स्वतंत्र गाणे वाटावी. मी एकदा जवळच्या चर्चमध्ये अशा गायनाला जाऊन तीन तास बसलो होतो. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी बोट पुस्तकावर फिरवत मला खर्जाची ओळ गायला लावली, आणि घरी येताना गाडीत मी ती खर्जाचीच ओळ गुणगुणत होतो.

सांजवेळ, तुम्ही भावाबरोबर गाता हे फार चांगले आहे. इथल्या कंट्री संगीतात भावंडांच्या जोड्यांची मोठी परंपरा आहे. एव्हर्ली बंधू किंवा अलाबामाच्या सँड माउंटन भागातले लूव्हिन बंधू यांच्या गाण्याला लोक रक्ताची हार्मनी म्हणतात, कारण एका घरात वाढलेल्यांचे उच्चार, श्वास आणि आवाजाची जात आपोआप जुळते. विल्यम्स आणि व्हाइट यांना हे सगळे मेहनतीने जुळवावे लागले असणार. तुम्हाला त्यातले अर्धे जन्मतःच मिळाले आहे.


घुमट (मडगाव)

दोन आवाजांत गाण्याची रीत आपल्या भागाला परकी नाही, एवढेच नोंदवायचे आहे. गोव्यातला कोंकणी मांडो ही मुळात दोन आवाजांत गायची चीज आहे. संथ लय, विरहाचे किंवा लग्नाआधीच्या हुरहुरीचे शब्द, व्हायोलिन आणि घुमट (मातीचे तालवाद्य) यांची साथ, आणि वरच्या आवाजाखाली तिसऱ्या स्वराच्या अंतराने चालणारा दुसरा आवाज. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवत असत, त्यातून ही जाण गावागावांत उतरली आणि साष्टी तालुक्यातल्या कुटुंबांमध्ये एकोणिसाव्या शतकात मांडो बहरला.

आमच्या घराशेजारी एक वृद्ध जोडपे राहत असे. फेस्ताच्या दिवशी जेवणे झाली की अंगणातल्या सोप्यावर बसून ती दोघे मांडो म्हणत. आजोबांना शेवटी शेवटी ऐकू कमी येत असे, म्हणून ते आजींच्या ओठांकडे पाहत गात. शब्द केव्हा सुरू करायचा आणि केव्हा सोडायचा हे त्यांना ओठांवरून कळे, आणि त्यांचा खालचा सूर तेवढाही हलत नसे. मंद्र यांनी सांगितलेला ‘आठ दिवस फक्त आपली ओळ’ हा उपाय किती खरा आहे हे मला ते आठवून पटले. त्यांनी ती ओळ पन्नास वर्षे गायली होती.

सांजवेळ यांना सुचवावेसे वाटते की भावाच्या समोरासमोर बसून गा. शेजारी बसलात तर फक्त सूर कळतो. समोर बसलात तर श्वास दिसतो. ‘बार्टन हॉलो’मधले दोघे व्यंजने किती एकदम सोडतात, शब्दाच्या शेवटचा ‘ट’ किंवा ‘स’ एकाच माणसाचा वाटावा इतका, ते हेडफोन लावून ऐका. सूर जुळले आणि शब्दांचे शेवट फुटले, तर दोन माणसे गात आहेत हे लगेच उघडे पडते.


अनवट (कोल्हापूर)

अल्बम मलाही प्रिय आहे, परंतु इथे सगळे त्याला सलग शांत म्हणत आहेत, त्याला थोडी हरकत घेतो. शीर्षकगीत शांत नाही. मोठे पाप करून पळालेला माणूस, नदीत धुतले तरी न जाणारा डाग, कोणताही धर्मोपदेशक ज्याला वाचवू शकणार नाही असा जीव, हे त्या गाण्याचे सांगणे आहे आणि गिटार त्यात अक्षरशः पाय आपटत चालते. बारा गाण्यांच्या यादीत ते सातवे आहे. त्याच्या लगेच नंतर आठव्या क्रमांकावर ‘द व्हायोलेट अवर’ येते, ज्यात दोघांपैकी कोणीच गात नाही, फक्त वाद्ये आहेत. हा क्रम ज्याने लावला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. सहा गाणी आपण या दोघांच्या हलक्या आवाजांत रमतो, सातव्यात ते अंगावर येतात, आणि आठव्यात ते निघूनच जातात. ती काही मिनिटे त्यांची वाट पाहताना आपल्याला कळते की या आवाजांची आपल्याला किती सवय झाली आहे. गाणी सुटी सुटी ऐकणाऱ्यांना हे कधीच कळणार नाही, म्हणून हा अल्बम क्रम न बदलता ऐकावा.

उलट ‘आय हॅव गॉट धिस फ्रेंड’ मला कच्चे वाटते. माझा एक मित्र आहे, माझी एक मैत्रीण आहे, असे सांगत दोघे आपल्याच मनातले बोलतात ही कल्पना गोड असली तरी शब्द फार लवकर आपले गुपित सांगून टाकतात. शेवटाकडचे ‘फरगेट मी नॉट’ जुन्या कंट्री वळणाचे आहे, आणि तिथे दोघांचे आवाज मला सर्वांत नैसर्गिक वाटतात.

आता तुमच्या शेवटच्या शंकेविषयी, कारण तिला अजून कोणी हात घातला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये या जोडीने दौरा अर्धवट सोडला, आणि आपसातील बेबनाव व आकांक्षांमधील न मिटणारे अंतर अशा अर्थाचे कारण जाहीर केले. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, तो अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला, आणि त्या वेळी दोघे एकमेकांशी बोलतही नव्हते. ऑगस्ट २०१४ मध्ये जोडी अधिकृतपणे संपली. निरोप म्हणून त्यांनी ‘यू आर माय सनशाइन’ या जुन्या गाण्याचे आपले ध्वनिमुद्रण रसिकांना फुकट दिले. पुढे दोघांनी स्वतंत्र अल्बम काढले आणि तेही चांगले आहेत, पण त्यांत मी नकळत दुसरा आवाज शोधत राहतो.

हे सारे कळल्यावर मीही काही महिने अल्बम ऐकू शकलो नाही. नंतर एकदा प्रवासात ‘पॉयझन अँड वाइन’ लागले आणि मला वाटले की मी उगीच फसवणूक झाल्यासारखा वागत होतो. तुझ्यावर प्रेम नाही आणि तरी ते कायम राहील, अशा अर्थाचे वाक्य ते दोघे त्या गाण्यात पुन्हा पुन्हा म्हणतात. त्यांनी आपल्याला प्रियकर-प्रेयसी म्हणून कधीच खोटे सांगितले नव्हते. ‘सिव्हिल वॉर्स’ या नावातले युद्धही माणसामाणसांमधल्या झगड्याचे आहे, असे त्यांनी पहिल्यापासून सांगितले होते. नाटकात नवरा-बायकोची भूमिका करणाऱ्या नटांकडून आपण संसाराचा दाखला मागत नाही. तरीही गाण्यात आपण तो मागतो, कारण दोन आवाज इतके जवळ आले की ऐकणाऱ्याला त्यामागे घर दिसू लागते. गाताना ते दोघे एकमेकांचे ज्या बारकाईने ऐकत होते, ते मात्र खोटे असणे शक्य नाही. तसे केल्याशिवाय तो सूर लागतच नाही, हे मंद्र यांनी वर दाखवूनच दिले आहे.

याच जातीचे आणखी ऐकायचे असेल तर गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचा २००१ चा ‘टाइम (द रिव्हिलेटर)’ अवश्य ऐका. नावावर ती एकटी असली तरी सगळा अल्बम दोघांचा आहे. ग्लेन हॅन्सर्ड आणि मार्केटा इर्ग्लोवा यांचा २००६ चा ‘द स्वेल सीझन’ही ऐका.


सांजवेळ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

मंद्र सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिला आठवडा मी फक्त माझी ओळ गायले. पोळ्या करताना, गच्चीत कपडे वाळत घालताना, गाडीवरून कामाला जाताना तीच. पाचव्या दिवशी आई मला म्हणाली की हे दुसरेच कुठले तरी गाणे दिसते आहे, आणि त्याचा मला फार आनंद झाला. भाऊ पुण्याला असल्यामुळे आधी व्हिडिओ कॉलवर एकत्र गाऊन पाहिले, परंतु आवाज पोहोचायला उशीर लागतो, त्यामुळे एकाच वेळी गाणे जमतच नाही. शेवटी मागच्या शनिवारी तो आला.

त्याने षड्ज धरला आणि मी गंधार. पेटी कपाटातच ठेवली होती, मोबाइलवर तानपुरा लावला होता. सुरुवातीला ती लहर कोणती, हेच मला कळेना. घुमट यांनी सांगितल्याप्रमाणे खुर्च्या समोरासमोर वळवल्या आणि आवाज अगदी बारीक केला, तेव्हा दोन आवाजांमध्ये काहीतरी थरथरते आहे असे पहिल्यांदा जाणवले. मी सूर अगदी थोडा उतरवला, थरथर सावकाश झाली, आणखी किंचित उतरवला आणि ती थांबली. त्या क्षणी मला माझा आवाज वेगळा ऐकू येईना. मी घाबरून गाणे थांबवले. भावाने विचारले, “काय झालं गं?” मला सांगता येईना. मग आम्ही तो एकच स्वर पाऊण तास लावत बसलो.

गाणे अजून पूर्ण बसलेले नाही. दुसऱ्या ओळीचा शेवट आता टिकतो, पण कडवे बदलताना त्याची चाल वर येते आणि माझी खाली जाते, तिथे दोघांचाही गोंधळ होतो. अनवट, तुमचे वाचून मी अल्बम पुन्हा क्रमाने ऐकला आणि ‘द व्हायोलेट अवर’ला पहिल्यांदाच पुढे ढकलले नाही.

मंद्र सर, यानंतर ‘पॉयझन अँड वाइन’ घ्यायचे मनात आहे. माझी नेहमीची पट्टी काळी चार आहे आणि भाऊ सफेद दोनमध्ये गातो. कुठून सुरुवात करावी?


मंद्र (डोंबिवली)

मूळ ध्वनिमुद्रणाची पट्टी आहे तशीच धरा, आपल्या सोयीसाठी लगेच बदलू नका. त्यांनी ती दोन्ही गळे पाहूनच ठरवली असणार. चार दिवस गाऊन तुम्हा दोघांपैकी ज्याला त्रास होईल त्याच्या बाजूने अर्धा स्वर सरकवा, त्याहून अधिक नको. सुरुवातीच्या ओळी तुम्हाला आळीपाळीने म्हणायच्या आहेत, तिथे तुम्ही दोघे सहज जाल. एकत्र येता त्या पहिल्या अक्षरावर भावाने गिटारचे बोट उचलून धरावे आणि फक्त आवाज ठेवावेत. ते अक्षर जमले की कळवा, पुढचे मग पाहू.